बोर्डात भुवई नव्हती

मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर अजूनही एखादा गृहस्थ मला थांबवतो आणि सोबतच्या माणसाला सांगतो, "हे सर. एकेका पोराला समोर बसवून गणित शिकवायचे. आमचा धाकटा यांच्यामुळेच सुटला." मी मान खाली घालतो आणि उगाच चपलेचा पट्टा नीट करतो. सोबतचा माणूस म्हणतो, "किती साधे आहेत हो!" लोक त्याला विनय समजतात. खरं तर मी ओशाळलेला असतो. त्याचं कारण स्टँडवर उभ्या उभ्या सांगता येत नाही. दिवाळी अंक बरा. इथे मधेच कुणाची गाडी लागत नाही.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झालो. शाळेत नोकरी मिळाली नाही. का मिळाली नाही तो वेगळा लेख होईल आणि तो कुणी छापणार नाही. सकाळी एका भातगिरणीत हिशेबनीस आणि दुपारनंतर शिकवण्या, असं माझं नव्वदच्या दशकात आणि त्यापुढेही बरीच वर्षं चाललं. मुरबाडात तेव्हा क्लास निघाले होते. एका खोलीत चाळीस पोरं कोंबायची, पुढच्या बाकावरच्या तिघांनी उत्तर दिलं की सर पुढच्या धड्यावर. मी ठरवलं की एका वेळी एकच मूल घ्यायचं. लोक हसले. गिरणीतला एक हमाल म्हणाला, "सर, येका खेपेला येकच गोण? कवा पोचनार तुमी?"

बाहेरच्यांना हे काम कळावं म्हणून थोडं सांगतो. दहावीच्या मुलाला बीजगणित येत नाही, तेव्हा तो बहुधा दहावीत अडलेला नसतो. तो चौथी-पाचवीत कुठेतरी अडलेला असतो आणि पुढची सगळी वर्षं फळ्यावरचं उतरवून घेत आलेला असतो. वर्गात ती जागा सापडत नाही, कारण वर्ग पुढे जात असतो. मूल एकटं समोर बसलं की सापडते. पहिले दोन-तीन दिवस मी काही शिकवतच नसे. भागाकार घाल, अपूर्णांक मांड, हातचा घेऊन वजाबाकी कर, असं उतरत उतरत खाली जायचं, पाय जमिनीला टेकेपर्यंत. एक मुलगा भूमितीची प्रमेयं घडाघडा म्हणायचा, पण पाव मोठा की अष्टमांश, हे त्याला सांगता येईना. आठ चारापेक्षा मोठे, म्हणून अष्टमांश मोठा, असं तो धरून चालला होता. वर्गात विचारलं असतं तर चाळीस जण हसले असते. माझ्यासमोर हसायला कुणी नव्हतं. त्याने विचारलं, आम्ही एक भाकरी मोडली, आणि पाच वर्षांची अडचण पाच मिनिटांत गेली. एकेकट्याला शिकवण्याचा खरा फायदा हा. मुलाला लाज न वाटता अडाणी राहता येतं, आणि मग शिकता येतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मूल उदाहरणात अडलं की शिकवणाऱ्याची जीभ वळवळते. ती आवरावी लागते. मी ती आवरायला शिकलो होतो. 'बरोबर' नाही, 'चूक' नाही, 'बघ हं नीट' नाही. मुलाला शेवटपर्यंत जाऊ द्यायचं. 'समजलं' हा शब्दही मी बंद केला होता. समजलं म्हणू नकोस, करून दाखव. रोज दहा उदाहरणं घालायची आणि त्यातली किती बरोबर आली ते मांडून ठेवायचं. माणूस खोटं बोलेल, दहापैकी आठ हा आकडा खोटं बोलत नाही, असं मी माझ्या बायकोला, सुनीताला, कितीदा ऐकवलं असेल. ती म्हणायची, "हो, आकड्यांना कुठे तोंड असतं!" मला तेव्हा ते कौतुकच वाटायचं.

घरी दहापैकी आठ-नऊ आणि बोर्डात नापास, अशीही काही मुलं माझ्याकडे होऊन गेली. फार नव्हेत, चार-पाच. माळशेज घाटाच्या वाटेवरच्या टोकावड्याच्या एका ढाबेवाल्याचा मुलगा नितीन त्यांतला एक. निकालाच्या दिवशी त्याचे वडील म्हणाले, "सर, तुमच्यापुढं तर मशिनीसारखा करायचा. तिथं काय झालं याला?" मी म्हणालो, "घाबरला. परीक्षेची भीती असते काहींना." वडिलांनी मान हलवली. नितीनही मान हलवत उभा होता. मला ते उत्तर पटलं होतं, कारण माझे आकडे चोख होते.

मग वनिता आली.

डोळखांबच्या वर डोंगरात एक पाडा आहे, तिथली ही मुलगी. शहापूरला मामाकडे राहून दहावीला बसणार होती. मामा शहापूर-डोळखांब जीप चालवायचा. नाव बाळाराम, पण त्या रस्त्यावर सगळे त्याला मामाच म्हणायचे, मीही. शहापूरला माझ्या दोन शिकवण्या होत्या. एका संध्याकाळी त्याने मला स्टँडवर गाठलं.

"सर, आमच्या भाचीला गणित सांगा. बाकी समदं येतं तिला. पास झाली तर नर्सच्या कोर्सला घालायची. पाड्यावर एक पन शिस्टर नाय बगा, बाळंतपनात पोर अडली की झोळी करून खाली आणायला लागते."

"आणि नापास झाली तर?"

"मग दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर. तिचा बाप बोलूनच बसलाय. दोन हात वाढतील म्हनतो."

"ती काय म्हणते?"

"ती काय म्हननार? ती बोलतच नाय जास्त. नुसती बगते."

आठवड्यातून तीन दिवस मी मुरबाडहून सरळगाव-किन्हवली करत एस.टी.ने शहापूरला जाऊ लागलो. मामाच्या घराच्या पडवीत पाट मांडलेले असायचे. एकावर ती, समोर मी, मधे वही. मामा म्हणाला तसंच होतं, ती बघायची. लिहिताना मधेच मान वर करायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. इतकं लक्ष देणारी विद्यार्थिनी मला आजवर मिळाली नव्हती, असं मी घरी सांगितलं. सुरुवातीला दहापैकी तीन बरोबर यायची. दिवाळीपर्यंत सहा झाली, संक्रांतीपर्यंत नऊ.

नऊ म्हटल्यावर माझी जीभ सैल झाली. गिरणीत सांगितलं, स्टँडवर सांगितलं, मामाला तर रोज सांगितलं, "दीडशेपैकी नव्वदच्या खाली येत नाही ती." मामाने ते जीपमध्ये चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. एकदा मी मागच्या बाकावर बसलो होतो, तरी त्याचं सुरूच. "आमची वनी गणितात नव्वद मारनार. हे मागं बसलेत ना सर, त्यांची ग्यारंटी हाय." एक म्हातारी टोपली मांडीवर घेऊन वळली आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "बरं हाय बाबा."

निकाल लागला. एकोणतीस.

बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. गणितात दीडशेपैकी एकोणतीस, पास व्हायला त्रेपन्न लागत. मी मामाला म्हणालो, ही बोर्डाची चूक आहे, दुसऱ्याच कुणाचे गुण इकडे लागलेत. अर्ज करायला लावला, मार्क पुन्हा मोजून घेतले. बोर्डाचं उत्तर आलं. तेच एकोणतीस. तेव्हा मी वनिताला समोर बसवलं आणि विचारलं, "तिथे घाबरलीस ना?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हां सर. घाबरले."

मला बरं वाटलं. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो, पण तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

ऑक्टोबरची परीक्षा होती. तिचे वडील पाड्यावरून खाली येऊन मामाला सांगून गेले की ही शेवटची खेप, यंदा गणित नाही सुटलं तर दिवाळीनंतर ती भट्टीवर येणार. आम्ही पुन्हा पाट मांडले. पंधरा दिवसांत ती पुन्हा नऊवर आली. मी पुन्हा खूश.

आषाढात माझे डोळे आले. त्या साली घरोघर डोळे आले होते. गिरणी बंद ठेवता येत नव्हती आणि मला शिकवणी चुकवायची नव्हती. मुरबाडच्या बाजारातून मी एक काळाकुट्ट गॉगल आणला. निघताना सुनीता म्हणाली, "अहो, या अवतारात? कंडक्टर गाडीत घ्यायचा नाही, शूटिंगची गाडी चुकली म्हणेल." मी तसाच गेलो. लागण नको म्हणून त्या दिवशी मी समोर बसलो नाही. दाराशी खुर्ची घेतली, तिला आत खिडकीपाशी बसवलं आणि उदाहरण सांगितलं. एका संख्येच्या तिपटीतून सात वजा केले, तर त्या संख्येत पाच मिळवल्याइतकंच उत्तर येतं. संख्या कोणती?

तिने पुटपुटत समीकरण बरोबर मांडलं. आता उजवीकडचा एक्स डावीकडे आणायचा. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, अधिकचं वजा होतं. असली उदाहरणं तिने माझ्यासमोर ढिगाने सोडवली होती. तिने अधिक लिहिलं आणि वर बघितलं. थोडं थांबून खोडलं, वजा लिहिलं, पुन्हा वर बघितलं. मग तेही खोडलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं?"

"काय नाय."

"मग सोडव की."

"सर, गॉगल काढा ना."

"डोळे आलेत गं. तुला लागतील."

"लागू द्या."

"आणि मग?"

"मग येईल मला."

शब्द ऐकू आले, पण कळायला वेळ लागला. मी विचारलं, "गॉगलचा आणि एक्सचा काय संबंध?" मग ती खाली बघत बोलू लागली. वर्षभरात ती एवढं कधी बोलली नव्हती.

"मी चुकीचं लिवलं की तुमची भुवई वर जाते. ही, डावी. मग मी खोडते, दुसरं लिवते. बरोबर आलं की तुमी श्वास सोडता. आज तुमी लांब बसल्याव, वर गॉगल. काय दिसतच नाय."

"किती दिवसांपासून हे?"

"पयल्यापासून."

"सगळी उदाहरणं अशीच सोडवलीस?"

"सोपी येतात मला. बाकीची तुमी सांगता."

"मी सांगतो? मी तर तोंडसुद्धा उघडत नाही!"

"तोंड नाय उघडत," ती म्हणाली. "बाकी समदं सांगता."

डोळे सकाळपासून लाल होतेच, आता कानही तापले. मी विचारलं, "मग मला बोलली का नाहीस?"

"बरोबर आलं की तुमी किती खूश व्हायचा. एवड्या लांबून यष्टीत हिसके खात येता. वाटायचं, खूश होऊन जावा."

थोड्या वेळाने तिनेच पुढे सांगितलं. पहिलीत गेली तेव्हा शाळेतलं बोलणं तिला कळायचंच नाही. पाड्यावरची घरची बोली निराळी, गुरुजींचं बोलणं निराळं. गुरुजी काही विचारायचे आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघायची. हो म्हणायचंय की नाही म्हणायचंय, ते तोंडावर दिसतं. "नाय चुकायचं मग जास्त," ती म्हणाली. असं करत ती दहावीपर्यंत आली होती. माझ्याकडे येऊन तिने काही नवं केलं नव्हतं. एवढंच की वर्गात चाळिसांत मिळून एक तोंड असायचं. मी तिला ते पूर्णवेळ, हातभर अंतरावर आणून दिलं होतं.

आणि मला निकालाचा दिवस आठवला. "मग तेव्हा मी विचारलं, घाबरलीस का, तर हो का म्हणालीस?"

"तुमाला तेच पायजे व्हतं ना."

परतीच्या गाडीत मी गॉगल काढला नाही. माझे ते दहापैकी नऊ, ज्यावर मी मामाची जीप भरून लोकांना शब्द दिला, ते तिचे गुण नव्हतेच. मला ते उदाहरण सोडवता येतं की नाही याचे ते गुण होते. एक बी.एस्सी. झालेला माणूस वर्षभर दहावीच्या गणिताची परीक्षा देत होता आणि दहापैकी नऊ पडले म्हणून बायकोला सांगत होता.

घरी आल्यावर ती नापास झालेली चार-पाच मुलं एकामागून एक आठवली. डोळे बरे झाल्यावर पहिल्या रविवारी मी टोकावड्याला गेलो. नितीन ढाब्याच्या गल्ल्यावर बसला होता. मला बघून उठून उभा राहिला.

"सर! या, या. आज घाटात कुठं?"

"तुझ्याकडेच आलो. एक विचारतो, खरं सांग. उदाहरण सोडवताना तू माझ्या तोंडाकडे बघायचास का रे?"

तो आधी गोंधळला, मग इतका हसला की आतला आचारी बाहेर डोकावला. "सर, तुमाला आज कळलं? तुमची डावी भुवई! आमी समदेच बगायचो. माझ्या आदी तुमच्याकडं आमच्या शेजारचा विलास व्हता ना, त्यानंच सांगितलं मला. सरांकडं जातोस तर ध्यानात ठेव, भुवई वर गेली की खोडायचं, श्वास सोडला की उत्तराखाली दोन रेघा मारायच्या." मग माझा चेहरा बघून त्याचं हसू कमी झालं. ओल्या फडक्याने त्याने गल्ल्याची फळी पुसली, जी स्वच्छच होती. "चांगलं शिकवायचा ओ तुमी," तो म्हणाला. "फक्त बोर्डात भुवई नव्हती."

त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्याने चहा पाजला आणि गाडीत बसवायला रस्त्यापर्यंत आला. "पोरांना सांगतो मी, सरांकडं जा म्हनून," असंही म्हणाला. त्यानंतर माळशेजकडे जाताना ढाब्याच्या बाजूच्या खिडकीशी मी बसत नाही.

पुढच्या खेपेला शहापूरला मामाच्या पडवीत मी माझा पाट फिरवला. तोंड भिंतीकडे, पाठ वनिताकडे. समोर खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणि त्यामागे एक पाल. उदाहरण सांगायचं आणि पालीकडे बघत बसायचं. शेजारची एक काकू दाण्याचं सूप घेऊन आली, दारात थबकली आणि म्हणाली, "वने, सरांना शिक्षा दिली काय गो?" वनिता फिसकन हसली. मी म्हणालो, "होय काकू, गृहपाठ केला नाही." ती गेली. पण बोलली ते खरंच होतं.

पहिल्या दिवशी दहापैकी दोन आली. हा तिचा पहिला खरा आकडा. पाठीमागे ती मुसमुसत होती आणि मला वळून बघता येत नव्हतं. वळलो असतो तर माझ्या तोंडावर जे दिसलं असतं त्यावरून तिने पुन्हा काहीतरी ओळखलं असतं. "सर, बरोबर हाय का?" असं ती दर ओळीला विचारायची. मी एकच सांगायचो, "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पडताळा बघ."

पडताळा पुस्तकात प्रत्येक उदाहरणाखाली असतो आणि बहुतेक मुलं तो सोडून देतात. मीही शिकवताना सोडून देत असे. बरोबर की चूक सांगायला मी होतोच ना. आलेली संख्या मूळ उदाहरणात परत घालून बघायची. त्या दिवशीच्या उदाहरणात संख्या सहा. सहाची तिप्पट अठरा, त्यातून सात गेले, अकरा. सहा अधिक पाच, अकरा. दोन्ही बाजू सारख्या आल्या की सरांची गरज नाही. नाही आल्या तर सरांनी कितीही श्वास सोडला तरी उत्तर चूक.

मग आम्ही खाली उतरलो, जे मी वर्षापूर्वी करायला हवं होतं. तिचा पाय कुठे टेकत नव्हता ते आठवड्याभरात सापडलं. शून्याच्या खालच्या संख्या. उणे तीनमधून पाच गेले की किती, हे ती दर वेळी माझ्या भुवईवर सोपवत आली होती. मी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "पाड्यावर विहीर आहे?"

"हाय. उन्हाळ्यात लय खाली जातं पानी."

"विहिरीचा काठ म्हणजे शून्य. पाणी काठाखाली तीन हात आहे. आणखी पाच हात उतरलं. आता कुठे आहे?"

"आठ हात खाली."

"मग उणे तीन वजा पाच?"

पाठीमागे पेन्सिलीचा आवाज. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उनं आठ. आनि सर, खाली जायाचं हाय त्यातलंच दोन हात काढून टाकले, तर ते वर आल्यासारखंच झालं ना? म्हंजे उन्यातून उनं काढलं की वाढतं?"

उण्यातून उणं काढलं की वाढतं, हे मी तिला नियम म्हणून अनेकदा सांगितलं होतं. आता ते तिचं तिला सापडलं होतं. तिचा चेहरा त्या वेळी कसा दिसला मला माहीत नाही. मी भिंतीवर तळवा टेकवून बसलो होतो.

पुढचे आकडे हळू चढले. दोनाचे तीन, तिनाचे परत दोन, मग चार. सप्टेंबरअखेर सहा. नऊ पुन्हा कधीच आले नाहीत. मामा विचारायचा, "सर, नव्वद?" मी म्हणायचो, "मामा, आकडा विचारू नका." तो जीपमध्ये आता कुणालाच काही सांगत नव्हता. तो गप्प झाला होता, तेही माझ्यामुळेच.

परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या दिवशी मी पाट पुन्हा सरळ केला आणि तिच्यासमोर बसलो. एक अवघडसं उदाहरण घातलं. मधे एका ठिकाणी ती चुकली. मी भुवई हलू दिली नाही. उलट समाधानाने श्वास सोडला, मान डोलावली, हसलोसुद्धा. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. जुनी सवय, ती कुठे जाते! क्षणभर तिची पेन्सिल उत्तराखाली रेघ मारायला निघाली. मग थांबली. ती वहीच्या कोपऱ्यात पडताळा करायला लागली, सावकाश, ओठ हलवत. आणि म्हणाली, "सर, नाटक करता. दोनी बाजू सारक्या येत नाय."

ती चूक शोधायला परत वहीत गेली. ती मला पहिल्यांदाच खोटं ठरवत होती. तिने खूश ठेवायच्या माणसांमधून मला वगळलं, एवढंच मला हवं होतं.

परीक्षा झाली. दिवाळी झाली. तिचे आईवडील धाकट्या भावंडांना घेऊन भट्टीवर गेले. निकालापर्यंत ती मामाकडेच राहील आणि नापास झाली तर मामाने तिला जीपने भट्टीवर आणून सोडायचं, असं ठरलं होतं. बापाने तिच्यासाठी डोक्यावरून विटा वाहायच्या फळीची जागाही सांगून ठेवली होती. मी त्या महिन्यांत शहापूरच्या बाकीच्या शिकवण्यांना जायचो आणि मामाच्या गल्लीत वळायचो नाही. काय बघायला जाणार होतो? तिचा पेपर कसा गेला हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझ्या तोंडाकडे बघून तिने उत्तर दिलं असतं, अशी भीती मला अजून होती.

नाताळच्या आधी एका दुपारी मी गिरणीतून जेवायला घरी आलो होतो. ओट्यावर हात पुसत उभा होतो, तोच मामाची जीप कोपऱ्यावर थांबली. मामा गाडी कडेला लावत राहिला आणि वनिता एकटीच चालत आली. हातात घडी केलेला कागद.

कोपऱ्यापासून ओट्यापर्यंतचं अंतर फार नाही. तेवढ्यात मी तिच्याकडे बघून घेतलं. भुवया बघितल्या, चाल बघितली, ओठ बघितले, कागद धरलेली बोटं घट्ट आहेत की सैल ते बघितलं. मुलगी पास होऊन आलीय की भट्टीवर जायच्या वाटेत निरोप घ्यायला आलीय, हे मला तिच्या तोंडावरून कळेना. तोंड अगदी भिंतीसारखं. आत सुनीता विचारत होती, "अहो, कोण आलंय?"

वनिता ओट्याखाली येऊन थांबली. मी तिच्याकडे बघतोय हे तिने बघितलं.

"सर," ती म्हणाली, "माझ्या तोंडाकडं काय बगता? कागद बगा."

मी कागद घेतला. सवयीने आधी नाव तपासलं, मग बैठक क्रमांक, मग आकडा. एकसष्ट. दीडशेपैकी एकसष्ट म्हणजे काही फार नव्हेत. याहून मोठे आकडे मी गावभर सांगत फिरलो होतो. पण हे सगळेच्या सगळे तिचे होते.